वाचकांचे आरोग्यप्रश्न : गणपतीतही टिकेल असा आहार

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे वजनाविषयीची आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. ज्यांना कायमची औषधे चालू आहेत, त्यांनी येथील उत्तरे आपल्या डॉक्टरांशी बोलण्याची पूर्वतयारी म्हणून वाचावीत. औषधपत्र म्हणून नव्हे.

प्रश्न : माझे वय 44 असून मी नौपाड्यात राहते व एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. गेल्या वर्षी मोबाइलवर मिळालेल्या एका आहारतक्त्याने चार महिन्यांत 9 किलो वजन उतरवले. तक्त्यात भात, पोळी आणि साखर पूर्ण बंद होती. रात्री फक्त सूप होते. गणपतीत तक्ता मोडला तो मोडलाच, आणि होळीपर्यंत 10 किलो वजन वाढले. आता तोच तक्ता पुन्हा सुरू केला आहे, पण पूर्वीसारखे वजन उतरत नाही. माझे चयापचय बिघडले आहे का? घरात आम्ही चौघे असून स्वयंपाक मीच करते.

उत्तर : चयापचय बिघडलेले नाही, मात्र तुमच्या शरीराने त्या चार महिन्यांत जे केले, ते समजून घेतले तर सध्याचा त्रागा कमी होईल. भात-पोळी एकदम बंद केल्यावर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली ग्लायकोजेन नावाची साखर आधी वापरली जाते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात काटा भराभर खाली येतो आणि माणूस हुरळून जातो. तेवढ्या दिवसांत चरबी फारच थोडी गेलेली असते. त्यानंतर चरबी जाऊ लागते खरी, पण आहारात प्रथिने कमी आणि व्यायाम शून्य असेल तर तिच्यासोबत स्नायूही झिजतात. वजन परत येते तेव्हा मात्र ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येते, म्हणून काट्यावर पूर्वीइतकाच आकडा दिसला तरी शरीर पूर्वीचे राहिलेले नसते.

शिवाय वजन घटले की शरीर काटकसर सुरू करते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील 14 स्पर्धकांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेच्या 30 आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी 58 किलोंनी उतरले होते. सहा वर्षांनी त्यातील बरेचसे परत आले होते आणि तरीही विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होते. तुमचे 9 किलो म्हणजे काही 58 नव्हेत, तेव्हा एवढ्या मोठ्या परिणामाची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र जितक्या जोराने आपण उपासमार करतो तितक्या जोराने शरीर हात आखडते, एवढी दिशा त्यातून निश्चित कळते.

माझे मत असे की, कोणताही आहारतक्ता चांगला की वाईट हे त्याच्या पहिल्या महिन्यावरून ठरवू नये. गणपतीत, मार्चअखेरच्या कामाच्या रगाड्यात आणि घरात कोणी आजारी असताना तो कसा वागतो, त्यावरून ठरवावे. तुमच्या तक्त्यात दोन उकडीच्या मोदकांना जागाच नव्हती. त्यामुळे पहिल्या मोदकाने तक्ता मोडला आणि ‘मोडलाच आहे तर’ या भावनेने पुढचे सगळे झाले. ये रे माझ्या मागल्या! ज्या आहारात मोदकाला जागा आहे, तो मोदकाने मोडत नाही.

आता काय करावे? तक्ता बाजूला ठेवा आणि सुरुवात तेलाच्या डब्यापासून करा. तुम्ही महिन्याचे किती तेल आणता ते पत्रात लिहिलेले नाही, पण चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपणे ही आपल्याकडे अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल. म्हणजे माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम आणि केवळ तेलातून 340 कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत 2,000 कॅलरींच्या आहारासाठी सुमारे 27 ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. त्या हिशेबाने चौघांना महिन्याला साडेतीन लिटर पुरते. हा दीड लिटरचा फरक माणशी रोज 100 कॅलरींचा आहे, आणि तो कोणाच्याही ताटातला एक घास न काढता साधतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटर तेल वेगळे काढून ठेवावे आणि फोडणीला बाटली ओतण्याऐवजी चमचा वापरावा. पाचव्या-सहाव्या दिवशी बटाट्याच्या भाजीत हात आखडू लागतो, तेव्हा झाकण ठेवून वाफेवर शिजवण्याची सवय आपोआप लागते. हा उपाय घरातल्या सर्वांना लागू होत असल्याने तुमच्यासाठी वेगळे काही शिजवावे लागत नाही. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईचा आहार बहुतेक वेळा या वेगळ्या शिजवण्यापायीच बंद पडतो.

दुसरी गोष्ट ताटाची. निम्मे ताट भाजी, कोशिंबीर आणि फळ यांसाठी ठेवावे. घट्ट वरण, उसळ, अंडे, मासे किंवा दही यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात असावे. आणि भात किंवा पोळी उरलेल्या जागेत मावेल तेवढी घ्यावी. भात बंद करण्याची काहीएक गरज नाही. तो पातेल्यातून थेट न वाढता वाटीने मोजून वाढावा, इतकेच. तिसरी गोष्ट कोणत्याच तक्त्यात लिहिलेली नसते : मुलाच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला दोन घास भात, सकाळचे उरलेले पोहे. ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून ओट्यापाशी उभ्याउभ्या खाल्लेले हे अन्न आपल्या लेखी जेवण नसते, पण शरीराच्या वहीत त्याची नोंद होते. उरलेले ताबडतोब झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी फोडणीच्या पोळीचा किंवा भाताचा बेत करावा, म्हणजे अन्नही वाया जात नाही.

या सर्वांतून दिवसाला 300 कॅलरी कमी झाल्या, तर सुरुवातीला आठवड्याला साधारण पाव किलो वजन उतरेल. हा वेग तुम्हाला केविलवाणा वाटेल. मात्र 2002 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना फक्त 7 टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. तेवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. चेन्नईतील संशोधकांनी भारतीयांवर केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच प्रयोगात आहार-व्यायामाच्या बदलांनी ते सुमारे 28 टक्क्यांनी घटले. तुमचे वजन 72 किलो असेल, तर 7 टक्के म्हणजे पाच किलो. सहा महिन्यांत एवढेच धरून चालावे. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन सहसा दोन ते चार किलोंच्या आसपास असते आणि त्यातील बराच भाग मीठ व पाण्याचा असतो.

प्रश्न : मी 31 वर्षांचा असून ऐरोलीतील आयटी कंपनीत काम करतो. राहतो ठाण्यात, पाचपाखाडीला. दोन वेळा जिमची वर्षाची फी भरली आणि दोन्ही वेळा महिन्या-दीड महिन्यात जाणे सुटले. आठवड्यातून दोन दिवस रात्रपाळी असते. मोबाइलवर 10,000 पावले कधीच पूर्ण होत नाहीत. कमीत कमी किती व्यायाम पुरेल, ते स्पष्ट सांगावे.

उत्तर : स्पष्टच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती समजावी. ही मिनिटे सलगच असली पाहिजेत असे नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही मोजले जातात.

10,000 हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये बाजारात आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावात तो होता, आणि तेथून तो जगभर पसरला. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या 2019 च्या एका अभ्यासात दिवसाला 4,400 पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले, आणि सुमारे 7,500 पावलांनंतर फायदा फारसा वाढला नाही. त्या स्त्रियांचे सरासरी वय 72 होते, तेव्हा तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु 5,000 वरून 7,000 वर जाणे ही खरी कमाई आहे, 10,000 झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.

पाचपाखाडीहून ठाणे स्थानक चालत गाठता येण्याजोगे आहे. सकाळी घाई असते आणि घामाने शर्ट भिजतो, ही अडचण मला मान्य आहे. म्हणून सकाळी रिक्षा करावी आणि संध्याकाळी परतताना मात्र चालावे. रिक्षाच्या रांगेत जेवढा वेळ उभे राहावे लागते, तेवढ्यात निम्मे अंतर कापून होते! स्थानकावर सरकत्या जिन्याशेजारच्या साध्या जिन्याने चढावे. रविवारी उपवनला किंवा पहाटे येऊरच्या रस्त्याला जाता आले तर उत्तमच, पण रविवारवर सगळी मदार ठेवू नये; सहा दिवस बसून सातव्या दिवशी डोंगर चढणाऱ्यांचे गुडघे आणि घोटे सोमवारी तक्रार करतात. जून ते सप्टेंबरमध्ये चालणे बुडणार हे आताच गृहीत धरावे. त्या दिवसांसाठी इमारतीचा जिना आणि सूर्यनमस्कार हाताशी ठेवावेत.

ताकदीच्या व्यायामासाठी जिम लागतेच असे नाही. जोर आणि बैठका आपल्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्यांना दोन हात मोकळी जागा पुरते. पहिल्या आठवड्यात भिंतीला हात टेकून जोर आणि खुर्चीवरून उठत-बसत बैठका, दहा-दहाचे दोन फेर, आठवड्यातून दोनदा. ते सोपे वाटू लागले की भिंतीऐवजी टेबलाची कड आणि नंतर जमीन. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही. जिमला जायचेच असेल, तर फी महिन्याची भरावी. वर्षाच्या सवलतीचा हिशेब मालकाने आपल्यासारख्या आरंभशूरांना गृहीत धरूनच मांडलेला असतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. व्यायामाने एकट्याने वजन फारसे उतरत नाही. 70 किलोंच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यावर 120 ते 150 कॅलरी खर्च होतात, आणि स्थानकाबाहेर उभ्याउभ्या खाल्लेल्या एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. व्यायामाचे मोल दुसरीकडे आहे : स्नायू टिकतात, रक्तातील साखर ताब्यात राहते, झोप सुधारते आणि उतरलेले वजन परत चढू नये यासाठी त्याची मोठी मदत होते.

रात्रपाळीविषयी दोनच गोष्टी. पाळीत पाच वेळा चहा होत असेल आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर साखरेच्या 200 कॅलरी झाल्या. तो चहा अर्ध्या चमच्यावर आणणे हा तुमच्यापुरता सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरी गोष्ट झोपेची. 2010 च्या एका लहान पण काटेकोर प्रयोगात तोच मोजका आहार घेणाऱ्या लोकांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच उतरले, परंतु कमी झोपेच्या काळात चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायू अधिक गेले. तेव्हा पाळी संपल्यावर जिमला धावण्यापेक्षा जाड पडदे ओढून झोपावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय 63 असून आम्ही खारघरला राहतो. तिला मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. तिने चपाती सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली, आठवड्यातून दोन उपवास करते, तरी वजन तसूभरही हलत नाही.

उत्तर : ज्वारी चांगलीच आहे, परंतु ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात, आणि एका जाड भाकरीत दोन फुलक्यांहून अधिक पीठ सहज जाते. आईंची भाकरी थापण्याआधी उंडा एकदा काट्यावर ठेवून पाहावा. उपवासाचे म्हणाल, तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप. एक वाटी वरण-भात त्यापेक्षा परवडला. श्रद्धेने उपवास करायचा असेल तर जरूर करावा, पण त्या दिवशी दही, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची छोटी भाकरी आणि एखादे फळ असा बेत ठेवावा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहणे धोक्याचे ठरू शकते. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारलेच पाहिजे.

गुडघ्यांसाठी एक दिलासा देणारी गोष्ट : गुडघ्याची झीज झालेल्या लोकांच्या 2005 च्या एका अभ्यासात असे दिसले की, वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तीन किलोंचा फरकसुद्धा आईंना जाणवेल. सेंट्रल पार्कमधील सपाट वाटेवर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे चालावे. टेकडीचा चढ-उतार नको. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच आकडे धरून ठेवणे, हा व्यायाम दूरदर्शनवरील बातम्या पाहतानाही होतो. या वयात स्नायू टिकवणे वजन घटवण्याइतकेच महत्त्वाचे असल्याने जेवणातील वरण, उसळ, दही, अंडी किंवा मासे कमी करू नयेत. मूत्रपिंडाची तपासणी झालेली नसेल, तर ती आधी करून प्रथिनांचे प्रमाण ठरवावे.

प्रश्न : सकाळी गरम पाण्यात लिंबू आणि मध घेतल्याने चरबी वितळते का? – एक वाचक, कळवा

उत्तर : नाही. एक चमचा मधात साधारण 20 कॅलरी असतात, त्या मात्र मिळतात.

प्रश्न : दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीबद्दल आपले मत काय? माझे वय 52, कोपरी. माझ्या मेहुण्याचे वजन त्याने 8 किलो उतरले.

उत्तर : डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली ही पद्धत अनेकांना मानवते, कारण नियम एका वाक्यात सांगता येतो आणि येताजाता होणारे चहा-बिस्किट, फरसाण, साहेबांच्या वाढदिवसाचा केक हे सगळे एका फटक्यात बंद होते. मला वाटते, तिच्या यशाचा मोठा भाग या बंद झालेल्या खाण्यात आहे. चीनमध्ये 139 जणांवर वर्षभर चाललेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कमी कॅलरींचा आहार सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घेणाऱ्यांचे वजन सरासरी 8 किलो, तर तोच आहार वेळेचे बंधन न पाळता घेणाऱ्यांचे 6.3 किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण खाणे महत्त्वाचे. तुम्हाला दोनदा जेवून सुखाने राहता येत असेल आणि दुसऱ्या जेवणावर तुटून पडणे होत नसेल, तर खुशाल करावे. दुपारी चार वाजता डोके दुखून तुम्ही सहकाऱ्यांवर खेकसू लागलात, तर तीनदा जेवावे. इन्सुलिन किंवा मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि आम्लपित्ताचा जुना त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पद्धत सुरू करू नये.

प्रश्न : मी 35 वर्षांची आहे, राहते घोडबंदर रोडला. माझा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) 32 आहे. मैत्रीण वजन कमी करण्याचे इंजेक्शन घेते आणि तिला सुंदर फरक पडला आहे. मीही घ्यावे का? पुढच्या वर्षी मुलाचा विचार आहे.

उत्तर : सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही औषधे वजनासाठी 2025 पासून भारतात अधिकृतपणे मिळू लागली आहेत आणि ती परिणामकारक आहेत, यात वाद नाही. आहार-व्यायामाच्या जोडीने सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के उतरल्याचे 2021 च्या प्रयोगात दिसले. परंतु औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. ती घेणे म्हणजे आळशीपणा, असे मी मुळीच मानत नाही. लठ्ठपणा हा आजार आहे आणि आजाराला औषध असावे. तुमच्या बाबतीत अडचण दुसरी आहे. गर्भधारणेपूर्वी किमान दोन महिने सेमाग्लुटाइड थांबवावे लागते. त्यामुळे तुमच्या नियोजनात ते कितपत बसते, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अंतःस्रावतज्ज्ञ (हार्मोनांच्या आजारांचे डॉक्टर) या दोघांशी बोलूनच ठरवावे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास सर्रास होतात. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह क्वचित होतो. मैत्रिणीच्या इंजेक्शनच्या पेनमधून ‘एकदा घेऊन पाहणे’ तर कदापि करू नये.

प्रश्न : वजन रोज करावे की आठवड्याने? माझ्या पँटचे माप गेली दहा वर्षे 34 च आहे, तरी कंपनीच्या तपासणीत पोटाचा घेर जास्त आहे असे लिहून आले. हे कसे? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी आणि त्याच काट्यावर. आदल्या रात्री लोणचे-पापड झाले असतील किंवा स्त्रियांच्या बाबतीत पाळी जवळ आली असेल, तर पाण्यामुळे काटा एक-दोन किलो इकडेतिकडे होतो. त्याला चरबी समजू नये. रोज वजन करणाऱ्यांनी आठवड्याची सरासरी काढावी.

घेराविषयी तपासणी करणाऱ्याचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे. भारतीयांमध्ये कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते, म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर, तर स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर आहे. हे माप सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता घ्यायचे असते. पोट सुटू लागले की पुरुषांच्या पँटचा पट्टा हळूहळू पोटाखाली सरकतो, आणि तेथे 34 ची पँट वर्षानुवर्षे बसत राहते.